खेळातल्या नगरीची चतुःसीमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवण्याच्या, खेळांविषयीचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाला अर्धे पान मिळाले याचा आनंद आहेच. परंतु नवोदित गेम मास्टरला, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराला, लेखात जो सल्ला दिला आहे, तो मला मुळीच पटला नाही. अशाच सल्ल्यापायी मी स्वतः तीन महिने वाया घालवले असल्यामुळे त्याविषयी बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे. कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेसाठी, काल्पनिक नगर उभारायचे असेल, तर प्रथम त्याचा संपूर्ण नकाशा काढावा, तटबंदी, रस्ते, बाजार, राजवाडा, बंदर असे सगळे जागच्या जागी बसवावे आणि मगच खेळाडूंना वेशीतून आत घ्यावे, असे लेखकाने सुचवले आहे. माझे म्हणणे असे, की नगराची सुरुवात एका आळीपासून करावी आणि त्या आळीतल्या प्रत्येक घराची चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना लगत कोण आणि काय आहे ते, आधी लिहावी. नकाशा त्यातून निघाला तर निघेल, न निघाला तरी खेळाचे काही अडत नाही.

चतुःसीमा हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. माझी सारी नोकरी नगर भूमापनात, भूकरमापक म्हणून गेली. मिळकतीचा नकाशा कितीही सुबक असला, तरी जागेवर गेल्यावर भांडण उभे राहते ते पूर्वेस कोण आणि पश्चिमेस कोण, बोळ कोणाचा, भिंत सामाईक आहे की खासगी, वहिवाट किती वर्षांची आहे आणि पागोळी कोणाच्या हद्दीत पडते, एवढ्यावरच. पागोळीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. नगर म्हणजे अशा नोंदींची दाट वीण असते, हे मला कळायला हवे होते. पण पुतणीने शनिवारच्या तिच्या खेळात मला ओढले, तेव्हा मी सरकारी सवयीने थेट ड्रॉइंग बोर्ड बाहेर काढला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोनच वाक्ये लिहितो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचे एक पात्र असते, एक जण सूत्रधार, म्हणजेच डीएम (डन्जन मास्टर) किंवा गेम मास्टर, असतो आणि 'तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, काय करता?' या प्रश्नावर खेळ पुढे सरकतो. जिथे फलनिष्पत्ती अनिश्चित असते तिथे फासा टाकतात, बहुधा वीस बाजूंचा. आणि ही मंडळी महिनोन्‌महिने त्याच पात्रांसह जी एक सलग कथा खेळतात, तिला कॅम्पेन म्हणतात.

या खेळात नगर उशिरा आले. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून बाहेर पडला, तेव्हा त्याचा सारा जीव भुयारात होता. भुयारात उतरायचे, राक्षस मारायचे, सोने वर आणायचे आणि ते विकून, जखमा बऱ्या करून पुन्हा खाली जायचे, असा तो क्रम होता. वरचे गाव म्हणजे धर्मशाळा आणि सराफ एवढेच. पुढे १९७६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर गावी बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन या दोघांनी जजेस गिल्ड नावाची संस्था काढली आणि 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हे अख्खे नगर विकायला ठेवले. त्याचा नकाशा चार भागांत होता आणि ते भाग जोडले की जेवणाचे टेबल भरून जाई. लोकांनी त्या नकाशाचे फार कौतुक केले, आजही करतात. मला मात्र त्याच्याबरोबरच्या पानांचे जास्त कौतुक वाटते. गल्लीगणिक दुकाने, दुकानात कोण बसतो, तो लढवय्या आहे की जादूगार, त्याची ताकद किती आणि त्याच्याबद्दल गावात काय कुजबुज चालते, अशा नोंदी त्या पानांवर ओळीने छापलेल्या आहेत. लेखनशैलीच्या नावाने आनंद आहे, कुठे कुठे तर ती टपाल खात्याच्या यादीसारखी वाटते. तरीही पन्नास वर्षांनंतर कोणी ती पाने उघडून एका दुकानापाशी बोट ठेवले, तर खेळ तिथून सुरू होऊ शकतो, कारण त्या दुकानात माणूस आहे आणि त्या माणसाविषयी शेजाऱ्याचे काही एक मत आहे.

आता माझ्या तीन महिन्यांविषयी. मी 'सातवेस' नावाचे नगर आखले. नावाप्रमाणे त्याला सात वेशी होत्या. ट्रेसिंग पेपरवर तट, खंदक, चौदा पेठा, चारशेच्या वर मिळकती, प्रत्येकीला क्रमांक, उत्तर दिशा, प्रमाणपट्टी, सारे काही यथासांग होते. एखाद्या वरिष्ठाने सही करावी इतके चोख. पहिल्या शनिवारी मी तो कागद टेबलावर पसरला. पुतणी आणि तिची चार मित्रमंडळी तो पाहून खूश झाली, एकाने मोबाइलवर फोटोही काढला. त्यानंतरच्या सहा बैठकांत ती मंडळी एक खानावळ, तिच्या मागची विहीर आणि नदीचा घाट यांपलीकडे गेलीच नाहीत. उरलेल्या पेठांत मी काय बांधले आहे हे विचारायची कोणाला गरज पडली नाही, कारण तिथल्या कोणाशी त्यांचे देणेघेणे नव्हते. एकदा मी अगतिक होऊन 'राजवाड्याकडे जायचे नाही का?' असे विचारले, तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, तिथे आमचं कोण आहे?" माझ्या सुबक नकाशावर याचे उत्तर कुठेच नव्हते.

त्यानंतर मी जगभर नावाजलेली खेळातली नगरे, मोजणीला जावे तशा नजरेने, वाचायला घेतली. वॉटरडीप हे त्यांतले बहुधा सर्वांत प्रसिद्ध. एड ग्रीनवूड या कॅनेडियन गृहस्थांनी ते रचून आपल्या घरच्या खेळात वापरले होते आणि १९८७ पासून ते 'फरगॉटन रेल्म्स' या मालिकेतून जगभर पोचले. त्याचे मनोरे, समुद्र, किल्ला यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तीन बारकावे जास्त मोलाचे वाटतात. पहिला म्हणजे कारभार. नगरावर राज्य करणारे सरदार मुखवटे घालून बसतात आणि त्यांतला एकच चेहरा लोकांना ठाऊक असतो. त्यामुळे शेजारचा सुतार त्या मंडळात असेल की काय, ही शंका प्रत्येक गल्लीला असते. दुसरा म्हणजे स्मशान. तटाच्या आत भिंत घालून राखलेला एक प्रभाग मृतांचा आहे. दिवसा लोक तिथे बागेत जावे तसे फिरायला जातात आणि तिन्हीसांजेला त्याचे दरवाजे बंद होतात. आता ज्याचे घर त्या भिंतीला लागून आहे, त्याची चतुःसीमा लिहून पाहावी: पश्चिमेस रस्ता, पूर्वेस मेलेली माणसे. तेवढ्यावर तीन बैठका सहज निघतात. तिसरा म्हणजे व्यावसायिकांचे संघ. सोनार, जहाजबांधणीवाले यांचे संघ असणे साहजिक आहे, पण वॉटरडीपमध्ये रस्त्यावरचे शेण-लीद झाडणाऱ्यांचाही रीतसर संघ आहे. ज्याने हा संघ लिहिला, त्याला घोड्यांच्या नगरात रोज सकाळी काय पडलेले असते याची जाणीव होती. ही मंडळी तीन दिवस संपावर गेली तर काय होईल, हा प्रश्न कोणत्याही अग्निमुखी ड्रॅगनइतकाच खेळण्याजोगा आहे.

सिजिल हे नगर याहून विलक्षण आहे. १९९४ साली डेव्हिड 'झेब' कुक यांनी 'प्लेनस्केप' या मालिकेसाठी ते रचले. ते एका प्रचंड वलयाच्या आतल्या बाजूवर वसलेले आहे, त्यामुळे मान वर करून पाहिले की डोक्यावर आकाशाऐवजी समोरच्या पेठेची छपरे दिसतात. त्याला वेस नाही. आत येणे-जाणे होते ते दारांतून. कोणतीही कमान, कोणतीही चौकट दुसऱ्या विश्वात उघडू शकते, मात्र तिची किल्ली जवळ हवी, आणि किल्ली म्हणजे कुलपाचीच किल्ली असेल असे नाही, एखादी वस्तू किंवा एखादी कृतीही किल्ली असू शकते. नगराची स्वामिनी कोणाशी बोलत नाही. रस्त्यांची डागडुजी डाबस नावाचे मुके, अधांतरी तरंगणारे कामगार करतात आणि त्यांचे बोलणे म्हणजे हवेत उमटणारी चित्रांची कोडी. आमच्या खात्यातल्या काही शेऱ्यांची मला त्यावरून आठवण झाली. पण खरी गंमत पुढे आहे. मूळ मालिकेत सिजिलचा कारभार पंधरा तत्त्वपंथांत वाटलेला आहे: शवागार एकाकडे, तुरुंग एकाकडे, न्यायसभा एकाकडे. नोंदणी कचेरी आणि करवसुली ज्या पंथाकडे आहे, त्याचे तत्त्वज्ञान असे, की ज्याला जे बळकावता येईल ते त्याचे! जमिनीचे दप्तर बळकावणाऱ्यांच्याच हाती देण्याची ही कल्पना वाचून मी, नोकरीची इतकी वर्षे मागे टाकून, मोठ्याने हसलो. तिथे मिळकतीचा उतारा आणायला गेलेल्या माणसाचे काय होईल, हे सांगायला नकाशा लागत नाही.

शार्न या नगराबद्दल थोडक्यात लिहितो. कीथ बेकर यांच्या 'एबेरॉन' जगातले हे नगर २००४ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने आले. तिथे मनोरे इतके उंच आहेत, की माणसाची पत तो किती वर राहतो यावरून ठरते. वर धनिक, खाली गरीब, तळाशी भट्ट्या आणि कारखाने. इथे चतुःसीमेत आणखी दोन दिशा वाढतात, वरचा आणि खालचा. वरच्याची पागोळी कोणावर पडते, हा प्रश्न शार्नने अक्षरशः नगररचनेत आणला आहे. युद्धकाळात तिथला एक काचेचा मनोरा कोसळला आणि ज्या वस्तीवर तो पडला तिला अजूनही 'पडलेली' असेच म्हणतात. एवढी एक नोंद मला त्या ग्रंथातल्या बाकीच्या मनोऱ्यांपेक्षा मोलाची वाटते.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे उदाहरणही आहे आणि ते लपवणे योग्य होणार नाही. २००६ साली माँटी कुक यांनी 'टॉलस' नावाचे नगर ६७२ पानांच्या एकाच ग्रंथात छापले. गल्लीबोळ, देवळे, भुयारे, सरदार घराणी यांतले काहीही त्यांनी सोडले नाही. आधी संपूर्ण नगर रचावे, या मताच्या लोकांनी या ग्रंथाकडे बोट दाखवावे, हे स्वाभाविक आहे. परंतु टॉलस हे लेखकाच्या घरी वर्षानुवर्षे खेळले गेलेले नगर होते. ग्रंथ नंतर आला. खेळाडूंनी जिथे जिथे दार ठोठावले तिथे तिथे आत घर उभे राहिले, आणि अशी असंख्य दारे झाल्यावर ते पुस्तकात मावेल एवढे दिसू लागले. वाचकाच्या हाती शेवटचे फळ येते, त्यामुळे झाडही एका रात्रीत लावले असेल असे वाटते, इतकेच.

माझे मत ज्याच्यामुळे पक्के झाले ते नगर म्हणजे डॉस्कवोल. जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळातले हे कायमच्या अंधारातले, विजेच्या कुंपणाने वेढलेले शहर. यात खेळाडू चोर, तस्कर, मारेकरी अशांची एक टोळी चालवतात. खेळ सुरू होतो तो शहराच्या इतिहासापासून नव्हे, एका वस्तीपासून: क्रोज फूट नावाची वस्ती, तिच्यात तीन टोळ्या, तिघींत वितुष्ट, आणि एका टोळीचा म्होरक्या तुम्हाला बोलावून विचारतो की तुम्ही कोणाच्या बाजूचे. हा म्होरक्या ज्या टोळीचा, तिचे नाव लॅम्पब्लॅक्स, म्हणजे काजळीवाले. ही माणसे पूर्वी रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्यांच्या संघात होती. शहरात विजेचे दिवे आले, हातचे काम गेले आणि ती गुन्हेगारीकडे वळली. या एका ओळीत शहराचा सगळा आर्थिक इतिहास आला. त्यासाठी लेखकाला कालरेषा काढावी लागली नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्या खेळात टोळीच्या कागदावर चौकटींचे एक जाळे छापलेले असते. मधोमध तुमचा अड्डा, त्याला लागून जुगाराचा गुत्ता, त्याच्या पलीकडे फितूर पहारेकरी, असे एकेक हक्क रेषांनी जोडलेले असतात. अड्ड्यापासून जोडलेल्या वाटेने एकेक हक्क मिळवत जायचे. वाट सोडून दूरच्या चौकटीवर झडप घालता येते, पण ते काम फार अवघड जाते. म्हणजे हा खेळ शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे वाढत जातो. इकडे कागदावर उत्तर दिशाही नाही आणि प्रमाणपट्टीही नाही, पण चतुःसीमा मात्र चोख आहे. हे पाहिल्यावर मी सातवेसचा ट्रेसिंग पेपर गुंडाळून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या खेपेस मी त्याच सातवेसमधली एकच आळी घेतली, सात घरांची. नकाशा काढला नाही. प्रत्येक घरासाठी मिळकत पत्रिकेसारखा एक कागद केला. त्यांतला एक नमुना म्हणून देतो. 'दिवेकऱ्यांचा वाडा. पूर्वेस: कासाराची भिंत, सामाईक, तीत बुजवलेला दरवाजा. दक्षिणेस: सार्वजनिक हौद, पाणी भरण्याची वहिवाट फक्त सूर्यास्तापर्यंत. पश्चिमेस: बोळ, रुंदी दीड हात, मालकी वादात. उत्तरेस: मोकळी जागा, धारकाचे नाव लागलेले आहे, धारक मरून शंभर वर्षे झाली, कर मात्र दरसाल वेळेवर भरला जातो.' हा कागद मी खेळाडूंना वाचून दाखवला आणि गप्प बसलो. पाच मिनिटे तिघे बुजवलेल्या दरवाजावरून वाद घालत होते, एकाला बोळातून रात्री हौदावर जायचे होते, आणि पुतणीने सरळ विचारले, "कर भरायला कोण येतं?" मी फासा उचललासुद्धा नव्हता. ती बैठक रात्री साडेअकराला संपली, तेही खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली म्हणून. त्यांची झोप हीसुद्धा एक वहिवाटच आहे.

हौदाचे कलम मी सहज लिहिले नव्हते. पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पुण्यात पाणी आणले गेले आणि ते गावात हौदांतून खेळवले गेले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण त्या हौदांवर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये, हे जातीवरून ठरत होते, आणि म्हणूनच १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, ही कृती केवळ पाण्यापुरती राहिली नाही. नगर रचणाऱ्याने हे नीट ध्यानात घ्यावे. पाणी कुठून येते, एवढे सांगून भागत नाही; कोणाला मिळत नाही, हेही सांगावे लागते. अर्थात, ज्या अन्यायाने खरी माणसे आजही भरडली जातात, तो चवीपुरता खेळात टाकणे मला मान्य नाही. आमच्या टेबलावर आम्ही आधीच बोलून ठरवले, की सातवेसच्या हौदाचा नियम जातीवर न बेतता वेळेवर आणि करावर बेतायचा. कोणी दुसरे ठरवतील. पण ठरवल्यावाचून खेळू नये.

हाच मुद्दा परक्या हातांनी रचलेल्या 'पौर्वात्य' नगरांना लागू होतो. या खेळाच्या पुस्तकांत बराच काळ पूर्वेकडचे नगर म्हटले की घुमट, बाजार, गारुडी आणि एखादा क्रूर वजीर एवढ्यावर भागत असे. तिथल्या घरांना शेजारी नसत. अलीकडे यात फरक पडू लागला आहे. २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात तेरा साहसकथा आहेत आणि त्यांतली एक, बंगाली लेखिका मिमी मंडल यांची, शंखभूमी नावाच्या नद्यांच्या प्रदेशात घडते. नदी पात्र बदलते तेव्हा हद्दीचे काय होते, हे ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या मुलखाच्या लेखिकेने नदीकाठ लिहिला की तो वेगळाच उतरतो. मराठीभाषक मुलेमुली हा खेळ पुण्यामुंबईतच नव्हे, परदेशांतही खेळत आहेत. पण त्यांच्यातले बहुतेक सूत्रधार नगर रचायला बसले की त्यांच्या लेखणीतून 'टॅव्हर्न', 'हार्बर' आणि 'गिल्डहॉल'च उतरतात. माझी त्याला हरकत नाही, मीही वॉटरडीपवर लुब्ध आहेच. परंतु तांबट आळीतून जाताना हातोड्यांचा जो ठेका ऐकू येतो, किंवा बुरूड आळीत टोपल्या-सुपांच्या ढिगांमधून जी वाट काढावी लागते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना व्यावसायिकांची वस्ती म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागू नये. पेठ, आळी, बोळ, वेस, चावडी, कोतवाल, जकात नाका हे शब्द आपल्याकडे तयार आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकात कोणाचा तरी कोणावर हक्क आधीच भरलेला आहे. 'जकात नाका' म्हणताच गाडीवान, पावती, चिरीमिरी आणि आडवाट ही चारही आपोआप उभी राहतात.

आपल्या पुरवणीतल्या लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. पाठलाग असेल, आग लागली असेल किंवा नगराला वेढा पडला असेल, तर अंतरे कळावी लागतात आणि तेव्हा नकाशा हवा. आमच्याकडेही चौथ्या महिन्यात एका चोराच्या पाठलागात दोन खेळाडूंनी एकच बोळ दोन वेगळ्या दिशांना असल्याचे गृहीत धरले आणि बरीच हमरीतुमरी झाली. तेव्हा मी तिथल्या तिथे जुन्या पाठकोऱ्या कागदावर आळीचा कच्चा आराखडा काढला. तो नकाशा मात्र सर्वांनी काळजीपूर्वक पाहिला, कारण त्यावरच्या सातही घरांत त्यांची कोणी ना कोणी ओळखीची होती. मोजणीतही हाच क्रम असतो: आधी जागेवर जाऊन लगतच्या धारकांना बोलावतात, ते हद्दी दाखवतात, मग मोजणी होऊन नकाशा निघतो. शेजाऱ्यांना न विचारता कचेरीत बसून काढलेला नकाशा कसा असतो, हे सांगण्याची माझ्यासारख्याला गरज नाही.

लेखात संगणकाचाही उल्लेख आहे. एक कळ दाबली की तटबंदीसह आख्खे मध्ययुगीन नगर पडद्यावर काढून देणारी साधने आता फुकट मिळतात, आणि ती सुंदर असतात. मी वापरून पाहिली. पहिल्या कळीला एक नगर आले, दुसऱ्या कळीला दुसरे, तिसऱ्या कळीला तिसरे. पण कोणत्याही घराला दुसऱ्या घराविषयी काही तक्रार नव्हती. नवोदिताने त्यांचा वापर जरूर करावा, मात्र त्यातली सात घरे निवडून बाकीची खुशाल धुक्यात सोडून द्यावी. धुक्यातल्या घरांची काळजी खेळाडू घेतात. सातवेसची सातवी वेस कुठे आहे हे मी दुसऱ्या खेपेस ठरवलेच नव्हते. एका खेळाडूने ती नदीच्या तळाशी आहे असे छातीठोकपणे सांगितले, दुसरीने ती पूर्वी कासाराच्या भिंतीत होती आणि बुजवलेला दरवाजा तोच, असा तर्क लढवला. मी दुसरा तर्क उचलला आणि तो जणू पहिल्यापासून माझ्याच मनात होता, असा चेहरा केला. पुतणीला ते कळले असावे.

आपण पुरवणीत या विषयावर पुढचा लेख देणार असल्याचे म्हटले आहे. त्यात नवोदितांसाठी रिकाम्या नगराचा नकाशा छापण्याऐवजी एका आळीतल्या पाच-सात घरांच्या चतुःसीमा छापाव्यात, अशी माझी विनंती आहे. जागा कमी लागेल आणि वाचकांना त्या कापून टेबलावर ठेवता येतील. नमुने हवे असल्यास मी विनामूल्य लिहून देईन. उत्तरेकडच्या मोकळ्या जागेचा कर कोण भरतो, तेवढे मात्र त्यांत लिहिणार नाही, कारण आमच्या घरी आपले वृत्तपत्र पुतणी माझ्या आधी वाचते आणि येत्या शनिवारी बैठक आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक, पुणे